जमुना सेतू : परदेशी पैशातून उभा राहिलेला पूल, आणि त्याची किंमत कोणी मोजली

बांगलादेशात जमुना नदीवर २३ जून १९९८ रोजी ४.८ किलोमीटर लांबीचा पूल सुरू झाला. तोपर्यंत या नदीवर देशात एकही पूल नव्हता. पूर्वेकडची राजधानी ढाका आणि पश्चिमेकडचे रंगपूर, बोगरा, राजशाही, पाबना हे शेतीप्रधान जिल्हे यांच्यामध्ये काही किलोमीटर रुंदीचं पाणी होतं आणि ते ओलांडायला फेरीबोट हाच मार्ग होता.

हा पूल जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जपान यांच्या पैशातून झाला, म्हणून त्याची ओळख 'परदेशी मदतीचा पूल' अशी करून दिली जाते. ती खरी आहे, पण अर्धीच. या पुलासाठी तिथल्या सामान्य माणसाने आधी कर भरला, नदीकाठच्या कुटुंबांनी जमीन दिली, आणि नंतर टोलही भरला. ज्यांच्याकडे जमिनीचा कागदच नव्हता, त्यांना हक्क मिळवायला थेट जागतिक बँकेच्या दारात तक्रार घेऊन जावं लागलं. त्या तक्रारीचा धागा महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा-धडगावपर्यंत येतो. या पुलाची सविस्तर माहिती पुढे दिली आहे.

थोडक्यात माहिती

- नदी : जमुना (ब्रह्मपुत्रेचा बांगलादेशातला मुख्य प्रवाह)
- ठिकाण : पूर्वेला टांगाइल जिल्ह्यातलं भुआपूर, पश्चिमेला सिराजगंज
- लांबी : ४.८ किलोमीटर, रुंदी : १८.५ मीटर
- खांब : ५०, गाळे : ४९
- बांधकाम : १९९४ ते १९९८
- मुख्य कर्जदाते : जागतिक बँकेची आयडीए ही संस्था, आशियाई विकास बँक, जपान सरकारचा ओईसीएफ हा निधी
- पुलावरून काय जातं : चारपदरी रस्ता, रेल्वे (२०२५ पर्यंत), गॅसवाहिनी, वीजवाहिनी, दूरध्वनी तारा

ही जमुना कोणती?

नाव ऐकून दिल्ली-आग्ऱ्याची यमुना डोळ्यांसमोर येते, पण ही नदी वेगळी. तिबेटात उगम पावलेली ब्रह्मपुत्रा अरुणाचल, आसाममधून बांगलादेशात उतरते आणि तिथे तिला जमुना म्हणतात. पुढे ती पद्मेला, म्हणजे आपल्या गंगेला मिळते.

ही नदी आज आहे तिथे कायम नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ब्रह्मपुत्रेचा मोठा प्रवाह मैमनसिंगच्या बाजूने वाहत होता. त्यानंतर काही दशकांत नदीने कूस बदलली आणि सगळा लोंढा पश्चिमेकडे आला. जुनं पात्र आजही 'जुनी ब्रह्मपुत्रा' म्हणून ओळखलं जातं.

कृष्णा-गोदावरीसारखं एकच ठरलेलं पात्र जमुनेला नाही. ती वेणीसारखी अनेक फाट्यांत विभागून वाहते. फाट्यांच्या मध्ये वाळूची बेटं तयार होतात, त्यांना बंगालीत 'चर' म्हणतात. यंदा जिथे चर आहे तिथे पुढच्या वर्षी पाणी असू शकतं. काही भागात पुराच्या दिवसांत नदीचा पसारा दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. १९८८ च्या महापुरात या नदीतून सेकंदाला ९० हजार घनमीटरहून जास्त पाणी वाहिलं. अशा नदीवर पूल बांधताना पहिली अडचण लांबीची नसते. आज पुलाखालून वाहणारी नदी उद्याही पुलाखालूनच वाहील, याची खात्री कशी करायची, हा खरा प्रश्न असतो.

पुलाआधीचे दिवस

पूल होण्याआधी नदीकाठचं सगळं चलनवलन घाटांवर चालायचं. आरिचा-नगरबारी, भुआपूर-सिराजगंज असे वाहनांचे घाट होते. रेल्वेसाठी बहादुराबाद, जगन्नाथगंज, तिस्तामुख असे वेगळे घाट होते. गाडी घाटावर थांबायची, माणसं आणि माल बोटीने पलीकडे जायचा आणि पलीकडे दुसरी गाडी उभी असायची.

पाणी कमी झालं की बोट वाळूत रुतायची, पाणी वाढलं की घाटच वाहून जायचा, आणि थंडीत धुक्यामुळे बोटी बंद. ट्रकांच्या रांगा लागायच्या. बटाटा, भाजी, आंबा, लिची असा नाशवंत माल भरून निघालेला ट्रक घाटावर एक-दोन दिवस अडकला की मालाची माती व्हायची. कोकणात खाडीवर पूल होण्याआधी तरीची वाट पाहिलेल्या जुन्या माणसांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. फरक एवढाच, की इथे दोन गावं नाही तर अर्धा देश तरीवर अवलंबून होता.

शिवाय देशातले नैसर्गिक वायूचे साठे पूर्वेकडे, सिल्हेट आणि ब्राह्मणबाडियाच्या पट्ट्यात. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांना तो गॅस मिळत नव्हता. त्यामुळे कारखाने, खतं, वीज या सगळ्यात हा भाग मागे राहिला.

मागणी १९४९ ची, पूल १९९८ चा

जमुनेवर पूल हवा ही मागणी राजकीय व्यासपीठावरून पहिल्यांदा मांडली ती मौलाना भाषानी यांनी, १९४९ मध्ये. तेव्हा हा भाग पूर्व पाकिस्तान होता. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत युक्त आघाडीच्या २१ कलमी जाहीरनाम्यात ही मागणी आली. साठच्या दशकात प्रांतिक विधानसभेत प्रश्न विचारले गेले. पूल मात्र झाला नाही.

१९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने जपानकडे विचारणा केली. जपानच्या तज्ज्ञांनी अभ्यास करून १९७६ मध्ये अहवाल दिला. खर्च ६८.३ कोटी डॉलर येईल आणि त्यावर देशाला मिळणारा परतावा जेमतेम २.६ टक्के असेल, असा त्याचा निष्कर्ष होता. सरळ भाषेत सांगायचं तर पूल परवडणारा नाही. फाईल बंद झाली.

ती पुन्हा उघडली गॅसमुळे. १९८२ मध्ये सरकारने गॅस नदीपार नेता येईल का याचा अभ्यास करायला सांगितलं. नुसत्या गॅसवाहिनीसाठी एवढा खर्च परवडणार नाही, असं उत्तर आलं. पण त्याच सल्लागारांनी एक वेगळा हिशेब मांडला. रस्ता आणि गॅस एकाच पुलावरून नेले तर खर्च विभागला जातो. यातूनच 'बहुउद्देशीय पूल' ही कल्पना पुढे आली. त्या वेळच्या अंदाजात पुलाची लांबी १२ किलोमीटर आणि खर्च ४२ कोटी डॉलर धरला होता. पुढच्या अभ्यासांत रेल्वे आणि वीजही जोडली गेली आणि जागा ठरली सिराजगंज ते भुआपूर.

पैसा कुठून आला?

अभ्यास सुरू होते, पण सावकार लगेच मिळाले नाहीत. १९८५ मध्ये सरकारने पुलासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं आणि त्याच सुमाराला पुलासाठी खास अधिभार लावला. हा अधिभार रद्द होईपर्यंत त्यातून ५०८ कोटी टका जमा झाले. म्हणजे परदेशातून पहिला डॉलर येण्याआधी देशातली माणसं पुलाचे पैसे भरत होती. ज्यांचा त्या नदीशी काही संबंध नव्हता, त्यांनीही भरले.

पुढे तीन मोठे कर्जदाते तयार झाले. बांधकामाच्या वेळी ६९.६ कोटी डॉलरचा हिशेब मांडला होता. त्यात जागतिक बँकेची आयडीए, आशियाई विकास बँक आणि जपानचा ओईसीएफ यांचे प्रत्येकी २० कोटी, आणि उरलेले ९.६ कोटी बांगलादेश सरकारचे. जमीन, पुनर्वसन, जोडरस्ते वगैरे सगळं धरून शेवटचा खर्च ९६ कोटी डॉलरच्या आसपास गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'परदेशी मदत' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

अनुदान : हे परत करायचं नसतं. बांगलादेशातच ढाका-चितगाव महामार्गावरचे मेघना पूल (१९९१) आणि मेघना-गुमती पूल (१९९५) जपानच्या अनुदानातून झाले.

सवलतीचं कर्ज : हे परत करावंच लागतं. व्याज नाममात्र असतं, सुरुवातीची काही वर्षं हप्ता नसतो आणि फेड अनेक दशकं चालते. जमुना पुलाचा पैसा या प्रकारातला, साधारण एक टक्का व्याजाचा. बाजारात असं कर्ज मिळत नाही, म्हणून त्याला मदत म्हणतात. पण खात्यावर ते कर्जच असतं आणि ते डॉलर-येनमध्ये फेडायचं असल्याने देशाचं चलन घसरलं की ओझं वाढतं.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण म्हणजे मुंबईचा अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा सागरी पूलही जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून झाला आहे. जमुना पुलाला पैसा देणाऱ्या ओईसीएफचं काम आता जायकाकडेच आहे.

पुलापेक्षा नदी महाग

जमुना पुलाच्या हिशेबात एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. खुद्द पुलाचा खर्च सुमारे २६.९ कोटी डॉलर. नदीला आवरण्याच्या कामाचा खर्च सुमारे ३२.३ कोटी डॉलर. म्हणजे पुलापेक्षा नदी महाग पडली.

त्याचं कारण असं. पुराच्या वेळी कित्येक किलोमीटर पसरणाऱ्या नदीवर ४.८ किलोमीटरचा पूल बांधायचा, तर नदीला तेवढ्याच वाटेतून जायला लावावं लागतं. त्यासाठी दोन्ही काठांवर सुमारे तीन-तीन किलोमीटर लांबीचे मार्गदर्शक बांध घातले. हे काम डच कंपन्यांच्या गटाने केलं. समुद्र आणि नद्यांशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या नेदरलँड्सची त्यात खासियत आहे.

कामाची पद्धत साधारण अशी होती. पावसाळा संपला की ड्रेजर लावून काठाच्या बाजूला खोल चर खणायचा. त्याच्या उतारावर बांबूच्या चौकटींना बांधलेलं जाड कापड अंथरायचं आणि त्यावर दगडांचा थर द्यायचा. पुढच्या पावसाळ्याआधी काम आटोपलं नाही तर नदी सगळं घेऊन जाणार. दर वर्षी हातात मोजके कोरडे महिने मिळायचे. त्यात बांगलादेश हा गाळाचा प्रदेश, तिथे दगड दुर्मीळ. साध्या बांधकामात खडीच्या जागी विटा फोडून वापरतात. त्यामुळे दगड बाहेरून आणावा लागला.

पाया कसा घातला?

जमुनेच्या तळाशी खडक लागत नाही. खाली वाळू आणि गाळच आहे. पुरात पाण्याचा जोर वाढला की खांबाच्या बुडाशी असलेली वाळू खोलवर खरवडून निघते. शिवाय हा भूकंपाचा पट्टा. १८९७ च्या आसाम भूकंपाने हा सगळा प्रदेश हादरला होता.

म्हणून पोलादी नळ्यांचा पाया घेतला. काही नळ्या २.५ मीटर व्यासाच्या, काही ३.१५ मीटरच्या. माणूस आत उभा राहिला तरी डोकं टेकणार नाही, एवढ्या रुंद. नदीतल्या तराफ्यावरून जलदाबावर चालणाऱ्या प्रचंड हातोड्याने त्या तिरक्या ठोकून सुमारे ८० मीटर खोल नेल्या. २१ खांबांना प्रत्येकी तीन आणि २९ खांबांना प्रत्येकी दोन, अशा एकूण १२१ नळ्या. नंतर त्यांत काँक्रीट भरलं.

वरचा पूल काठावर ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांचा आहे. खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा जोडत तराजूसारखा तोल सांभाळत गाळा पुढे नेला. मधले गाळे सुमारे १०० मीटरचे आहेत. पुलाचं काम दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने केलं. लांबीचाच विचार केला तर पाटण्याचा महात्मा गांधी सेतू याहून मोठा, ५.७५ किलोमीटरचा आहे. जमुना पुलाची खरी कसोटी लागली ती त्याखालच्या नदीमुळे.

जमीन गेली, पण कागद नव्हता त्यांचं काय?

पुलाचे दोन्ही काठ, जोडरस्ते आणि बांध यांसाठी हजारो कुटुंबांची जमीन, घरं किंवा रोजगार गेला. तिथल्या १९८२ च्या भूसंपादन कायद्यानुसार भरपाई मिळायची ती फक्त नावावर जमीन असलेल्या मालकाला. वाट्याने कसणारा, दुसऱ्याच्या जागेत झोपडी घालून राहणारा, त्या शेतावर मजुरी करणारा यांना कायद्याच्या लेखी काहीच गेलेलं नव्हतं.

कर्जदात्यांच्या नियमांमुळे यात फरक पडला. पैसा हवा असेल तर पुनर्वसनाचा आराखडा दाखवा, ही अट होती. १९९३ मध्ये सुधारित आराखडा झाला आणि त्यात वाटेकरी, भाडेकरू, बेघर, शेतमजूर यांचीही गणना झाली. बांगलादेशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदा घडत होतं. दोन्ही काठांवर पुनर्वसन वसाहती झाल्या.

तरीही एक गट सुटलाच : चरावर राहणारे. पूल काठाला जोडला जातो, त्यामुळे आराखडा करणाऱ्यांचं लक्ष काठावर होतं. नदीच्या मधल्या वाळूच्या बेटांवर हजारो माणसं राहतात, भुईमूग, डाळी, भात पिकवतात, गुरं पाळतात. नदी अरुंद केल्यावर पाण्याचा जोर आपल्या चरावर येईल, जमीन वाहून जाईल, ही त्यांची भीती होती. नदी नेहमीच चर खाते, त्यात पुलाचा काय दोष, असं उत्तर त्यांना मिळू शकत होतं. धूप नदीची की बांधाची, हे सिद्ध कसं करायचं?

ऑगस्ट १९९६ मध्ये चरवासीयांच्या वतीने एका स्थानिक संस्थेने जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार दाखल केली. तक्रार झाली आणि पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९९६ मध्ये, सरकारने पुलामुळे होणारी धूप आणि पूर यांच्या भरपाईचं वेगळं धोरण काढलं. आधीच्या नियोजनात चरवासीयांचा पुरेसा विचार झाला नव्हता, हे मंडळाने नोंदवलं. मात्र नवं धोरण आल्यामुळे पूर्ण चौकशीची शिफारस केली नाही. म्हणजे नियम कागदावर आधीपासून होते, पण ते चरापर्यंत पोहोचले तक्रार झाल्यावरच.

तक्रारीचं दार उघडलं नर्मदेवर

चरवासी ज्या तपासणी मंडळाकडे गेले, ते तेव्हा नवंच होतं. ते स्थापन होण्यामागे नर्मदेचा मोठा वाटा आहे.

सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. त्या धरणात मध्य प्रदेश आणि गुजरातबरोबर महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली आदिवासी गावंही बुडिताखाली जात होती. आज हे तालुके नंदुरबार जिल्ह्यात आहेत, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे गाव या लढ्यात जगभर माहीत झालं.

विरोध वाढल्यावर बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. तिने १९९२ च्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेवर आणि सरकारांवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको असं कळवलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळाची स्थापना केली. बँकेच्या पैशातून होणाऱ्या प्रकल्पाने ज्यांचं नुकसान होतं, त्यांना सरकारला वळसा घालून थेट तक्रार करता यावी, यासाठी.

नर्मदाकाठच्या गावांना या मंडळाचा स्वतःसाठी उपयोग झाला नाही. बँक निघून गेली, धरण देशाच्या पैशाने पुढे चाललं. पण त्यांच्या लढ्यातून उघडलेलं दार तीनच वर्षांत दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या नदीवरच्या माणसांच्या कामी आलं.

पुलाने काय बदललं?

तासन्‌तास, कधी दिवस खाणारी नदी मिनिटांत पार होऊ लागली. उत्तरेकडचा भाजीपाला, बटाटा, राजशाहीचा आंबा, दिनाजपूरची लिची रातोरात ढाक्याच्या बाजारात पोहोचू लागली. गॅसवाहिनी पलीकडे गेली. रंगपूर भागात आश्विन-कार्तिकात, भात कापणीआधी, हाताला काम नसायचं. त्या उपासमारीच्या काळाला तिथे 'मोंगा' म्हणतात. पुलामुळे त्या दिवसांत कामाला ढाक्याकडे जाणं सोपं झालं. मोंगा कमी होण्यामागे लवकर येणाऱ्या भाताच्या जाती, छोटी कर्जं अशी इतरही कारणं आहेत. पण बसने सकाळी निघून त्याच दिवशी कामाच्या ठिकाणी पोहोचता येणं, हेही त्यातलं एक.

नुकसानही झालं. घाटांवरचे हमाल, होडीवाले, चहा-भाताची दुकानं, खाणावळी यांचा धंदा बसला. आणि ज्या कोंडीतून सुटका हवी होती, ती ईदच्या दिवसांत वेगळ्या रूपात परत येते. ढाक्याहून गावाकडे निघालेल्या गाड्यांची रांग आता घाटाऐवजी टोलनाक्याकडे जाणाऱ्या महामार्गावर लागते.

भेगा आणि दुसरा पूल

पूल सुरू होऊन दहा वर्षं होण्याआधीच काँक्रीटच्या पृष्ठभागावर भेगा दिसल्या. पुढे दुरुस्ती झाली, पण रेल्वेच्या वेगावर बंधन आलं. ताशी २० किलोमीटर. एवढ्या वेगाने ४.८ किलोमीटर जायला पंधरा मिनिटं लागतात, आणि रूळ एकच असल्याने पलीकडची गाडी तोवर थांबून राहते. रेल्वे पुलाच्या एका कडेला असल्याचाही ताण होताच.

शेवटी त्याच नदीवर, जुन्या पुलापासून सुमारे ३०० मीटर वर, फक्त रेल्वेसाठी दुहेरी मार्गाचा नवा पूल बांधला. त्याचाही मोठा खर्च जपानच्या कर्जातून झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यावरून गाड्या सुरू झाल्या आणि १८ मार्चला औपचारिक उद्घाटन झालं. १९७६ मध्ये 'परवडत नाही' म्हणणाऱ्या जपाननेच या ठिकाणी दोनदा कर्ज दिलं.

नावाचीही एक गोष्ट आहे. १९९८ मध्ये पुलाला 'बंगबंधू सेतू' नाव दिलं होतं. २०२४ च्या सत्तांतरानंतर ते बदलून नदीचंच नाव, जमुना सेतू, ठेवण्यात आलं.

मदत नाकारली गेली तर? पद्मा पुलाचा धडा

जमुना पुलानंतर बांगलादेशाला दक्षिणेकडे पद्मा नदीवर पूल हवा होता. त्यासाठी जागतिक बँकेने १२० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पण भ्रष्टाचाराच्या आरोपावरून जून २०१२ मध्ये ते रद्द केलं. त्या प्रकरणात कॅनडात चाललेल्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. दरम्यान बांगलादेश सरकारने स्वतःच्या तिजोरीतून काम सुरू केलं होतं. ६.१५ किलोमीटरचा पद्मा सेतू २५ जून २०२२ रोजी सुरू झाला.

दोन पूल, दोन मार्ग. पहिल्यात परक्याचा पैसा आणि परक्याच्या अटी. दुसऱ्यात मुख्य पुलाचा पैसा स्वतःचा, पण सवलतीचं व्याज नाही. त्यात बाहेरच्या बँकेकडे तक्रारीचं दारही उरत नाही, सगळा हिशेब सरकारलाच विचारावा लागतो.

आपल्याकडे असा प्रकल्प आला तर

पूल, धरण, महामार्ग, वीजप्रकल्प परदेशी कर्जातून होणं महाराष्ट्राला नवीन नाही. जमुनेचा अनुभव पाहता अशा वेळी गावाने चार गोष्टी विचारून ठेवाव्यात.

१. पैसा अनुदान आहे की कर्ज? कर्ज असेल तर फेड कशातून होणार, टोल किती वर्षं?

२. बाधितांच्या यादीत कोण आहे? भारताच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कुळं, वाटेकरी आणि संपादनाआधी तीन वर्षं त्याच जमिनीवर पोट असलेले शेतमजूर हेही बाधित कुटुंबांत मोडतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून गप्प बसण्याचं कारण नाही.

३. नुकसान फक्त संपादित जमिनीचं आहे की आजूबाजूचंही? पाण्याचा प्रवाह बदलणं, धूप होणं, रस्ता तुटणं या गोष्टी मोजणीच्या नकाशात दिसत नाहीत.

४. तक्रार कुठे करायची? जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जायका या तिन्ही संस्थांकडे बाधितांच्या तक्रारीसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. ती वापरायची तर वेळ महत्त्वाची असते, काम पूर्ण होऊन कर्जाचं खातं बंद झाल्यावर फार काही हाती लागत नाही.

जमुनेच्या चरवासीयांनी पूल अडवला नाही. पूल त्यांनाही हवाच होता. आपलं नुकसान हिशेबात धरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि ते त्यांनी पूल पुरा होण्याच्या दोन वर्षं आधी मांडलं, म्हणून निदान धोरण तरी निघालं.